टेलचा मोडेम

आमच्या सोसायटीत कुणाचं नेट गेलं की पहिला फोन कंपनीला जात नाही, तिसऱ्या मजल्यावर जातो. कंपनीला केला तर एक बाई गोड आवाजात आधी भाषेसाठी आकडा दाबायला लावते, मग तक्रारीसाठी, मग गाणं ऐकवते, आणि सरतेशेवटी मोडेम बंद करून चालू करा म्हणते. तिसऱ्या मजल्यावर केला तर माणूस येतो. बनियनवर शर्ट चढवून, खिशाला दोन पेनं लावून, काखेत रजिस्टर मारून येतो. हातात अकरा नंबरचा पाना असतो.

हे काका पाटबंधारे खात्यातून कालवा निरीक्षक म्हणून निवृत्त झाले. नोकरीचा बराचसा काळ नीरा डाव्या कालव्यावर, बारामती-इंदापूरच्या बाजूला गेला. पुण्यात घर घेताना लोक शाळा बघतात, दवाखाना बघतात, मंडई किती लांब ते बघतात. काकांनी सिंहगड रस्त्याला घर घेतलं ते मुठा उजवा कालवा चालत पाच मिनिटांवर आहे म्हणून. सकाळी फिरायला जातात तेही कालव्याच्या कडेनं, आणि परत येताना पाण्याची पातळी सांगत येतात, कुणी विचारलेली नसताना. पाठीमागे सगळे त्यांना 'पाटकरी' म्हणतात. एकदा जिन्यात त्यांच्या कानावर पडलं. चिडले, पण कारण वेगळंच होतं. "पाटकरी माझ्या हाताखाली होते," म्हणाले. "चार."

असा माणूस मोडेमच्या नादाला लागला कसा, तर एका शब्दानं. मुलगा बंगळूरला, नात तिकडेच. तिचं तोंड दिसावं म्हणून मुलानं केबलवाल्याकडून नेट बसवून दिलं. केबलच्या मुलानं वायर जोडली, डबी चालू केली, दिवे लुकलुकायला लागले. काकांनी विचारलं, "हे 'डीएस' काय आहे?" तो म्हणाला, "डाउनस्ट्रीम." "आणि 'यूएस'?" "अपस्ट्रीम." काका तिथेच खुर्चीत बसले. चौतीस वर्षं ज्या दोन शब्दांवर पगार घेतला, ते दोन शब्द निवृत्तीनंतर टीव्हीखालच्या कप्प्यात येऊन लुकलुकत होते. त्या दिवशी नातीशी बोलणं राहूनच गेलं. काकांनी संध्याकाळपर्यंत त्या मुलाला सोडलं नाही.

काकांना बोलवायचं तर आधी अर्ज. ही थट्टा नाही. हातानं आखून झेरॉक्स काढलेला अर्ज आहे, वर ठळक अक्षरात 'नमुना नं. ७' लिहिलंय. शेतकरी कालव्याचं पाणी मागायला जो अर्ज भरतो, तो नमुना नंबर सात. काकांनी त्यात गट नंबरच्या जागी फ्लॅट नंबर केला आणि 'पिकाचे नाव' हा रकाना तसाच ठेवला. मी पहिल्यांदा भरला तेव्हा त्या रकान्याशी अडलो. "नेट कशाला वापरता ते लिहा," काका म्हणाले. मी 'भाषांतराचे काम' असं लिहिलं. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि पुढे कंसात स्वतःच्या अक्षरात 'भुसार' लिहिलं. चारशे एकमधल्या आजी सकाळी फुलांचं चित्र पाठवतात आणि दिवसभर पुन्हा नेटला हात लावत नाहीत. त्या 'कोरडवाहू'. दोनशे तीनमधल्या मुलानं 'अभ्यास' असं लिहून दिलं होतं. काकांनी त्याच्या खोलीत डोकावलं, कानावरचे ते मोठे हेडफोन बघितले, पडद्यावरची बंदूक बघितली आणि 'अभ्यास' खोडून 'ऊस' केलं.

कामावर असले की काकांची भाषाही बदलते. एरवी मी 'अरे', पण रजिस्टर उघडलं की 'अर्जदार'.

माझ्याकडची पहिली तपासणी मला अजून आठवते. दर दहा मिनिटांनी नेट जात होतं, पुन्हा येत होतं. मी सवयीनं मोडेमची पिन काढायला गेलो तर काका ओरडले, "हात लावू नका! बंद करून चालू केलं की सगळा पुरावा जातो." मग मांडी घालून मोडेमसमोर बसले. सिनेमा बघावा तसे दिवे बघत होते. आणि बघता बघता मला सांगत होते, त्यातलं मला तोवर काहीच माहीत नव्हतं. डबी चालू झाली की लगेच बोलत नाही, आधी ऐकते. शंभराच्या आसपासपासून आठशे साठ मेगाहर्ट्झपर्यंत एकेक चॅनेल चाचपत जाते, आपल्यासाठीचा आवाज कुठे आहे ते शोधते. तोवर पहिला दिवा लुकलुकतो. सापडला की तो ठाम होतो. मग ती स्वतः बोलायला लागते, आधी हळू, उत्तर नाही आलं तर जरा मोठ्यानं, आणखी मोठ्यानं, पलीकडे कार्यालयात ऐकू जाईपर्यंत. तोवर दुसरा दिवा लुकलुकतो. त्यानंतर तिला पत्ता मिळतो, तुमचा प्लॅन कितीचा आहे तो कागद मिळतो आणि तिसरा दिवा लागतो. "म्हणजे रुजू झाली," काका म्हणाले. "आधी हजर, मग हजेरीपटावर नाव, मग वेतनश्रेणी." आमची डबी दुसऱ्या दिव्याशी घुटमळत होती. हजर होती, पण हजेरी लागत नव्हती.

मग त्यांनी माझा लॅपटॉप मागितला आणि एका बोटानं, मोठ्यानं उच्चारत आकडे टाकले. एकशे ब्याण्णव. टिंब. एकशे अडुसष्ट. टिंब. शंभर. टिंब. एक. पान उघडलं. मी चाट पडलो, कारण नेट तर बंद होतं.

"पान मोडेमच्या पोटातलं आहे," काका म्हणाले. "कालव्याला पाणी नसलं तरी चौकीत रजिस्टर असतंच की."

त्या पानावरचे आकडे वाचताना काकांचा चेहरा डॉक्टरसारखा झाला. जो डॉक्टर रिपोर्ट बघून काही बोलत नाही आणि नुसता 'हं' करतो, तसला. खाली येणारी धार उणे अकरा. स्वच्छता एकोणतीस. वर जाणारी धार त्रेपन्न. पहिला आकडा उणे सात ते अधिक सातमध्ये असावा. दुसरा, म्हणजे आवाजाच्या मानानं गोंगाट किती कमी आहे तो, तेहेतीसच्या वर असावा. तिसरा पस्तीस ते पन्नासमध्ये. पहिल्या आकड्यात शून्य आलं तर उत्तम. शून्य उत्तम हे माझ्या पचनी पडेना. शाळेत मी बरीच शून्यं आणली, घरी कुणी पेढे वाटले नव्हते. "हे शून्य म्हणजे काही नाही असं नव्हे," काका म्हणाले, "शून्य म्हणजे एक मिलिव्होल्ट. तिथून मोजायचं. धरणाची पातळीसुद्धा तळापासून मोजत नाहीत, समुद्रसपाटीपासून मोजतात."

त्रेपन्नचा खुलासा त्यांनी माझ्या हयात नसलेल्या आजोबांना मध्ये घेऊन केला. समोरच्याला ऐकू येत नसेल तर आपण आवाज चढवतो. मोडेमचंही तेच. वाटेत आवाज मरतो म्हणून तो चढत जातो, आणि पन्नासच्या पुढे गेला की छाती फुटायला येते. काकांना या वर जाणाऱ्या प्रकाराचा सुरुवातीला फार त्रास झाला होता. पाणी उताराला जातं, हे त्यांच्या आयुष्याचं मूळ तत्त्व. त्याच एका तारेतून एकाच वेळी खालीही आणि वरही कसं जाईल? पुष्कळ विचार केल्यावर त्यांचं त्यांनाच उत्तर सापडलं. खाली येतं ते प्रवाही सिंचन, वर जातं ते उपसा. मोडेम म्हणजे पंप. तेव्हापासून ते 'अपस्ट्रीम' म्हणत नाहीत, 'उपसा' म्हणतात. "तुमचा उपसा त्रेपन्न आहे," हे वाक्य मी डॉक्टरकडून ऐकलं असतं तर मृत्युपत्र केलं असतं.

यानंतर काका टीव्हीच्या मागे शिरले. आमच्या टीव्हीच्या मागे काय आहे हे मी लग्नानंतर पाहिलं नव्हतं. तिथे एक रबरबँड, दिवाळीची एक पणती, मुलीच्या हरवलेल्या पट्टीचा तुकडा आणि वायरींचा गुंता निघाला. खिडकीतून आलेली केबल आधी एका दोनतोंडी स्प्लिटरला गेलेली, त्यातलं एक तोंड पुढे चारतोंडी स्प्लिटरला, आणि त्याच्या एका तोंडाला मोडेम. बाकीची तीन तोंडं उघडी, हवेत.

"वाटण्या!" काका आतून ओरडले. "किती वाटण्या केल्यात! चारीतून चारी फोडली, त्या चारीतून परत चारी, आणि मग म्हणता टेलला, पार शेवटच्या टोकाला, पाणी येत नाही."

हिशोब त्यांनी रजिस्टरच्या मागच्या पानावर मांडून दाखवला. तीन डेसिबल गेले म्हणजे धार निम्मी. दोनतोंडी स्प्लिटर साडेतीन खातो, चारतोंडी सात. साडेदहा घरातल्या घरातच गेले होते, आणि मी दोन महिने कंपनीच्या नावानं बोटं मोडत होतो. भाऊबंदकीत जमिनीचं होतं तेच सिग्नलचं होतं. वाटणीनं दोघांना अर्धं-अर्धं मिळेल असं वाटतं, मिळतं त्याहून कमी, कारण बांधाला जागा जाते. काकांनी दोन्ही स्प्लिटर काढले, केबलचं टोक मोडेमला लावलं, बोटांनी आवळलं आणि वर पान्यानं पाव आटा दिला. पावच. जास्त दिला तर मोडेमचं नरडं फिरतं. मग पुन्हा एकशे ब्याण्णव, टिंब. धार उणे अर्धा. स्वच्छता छत्तीस. उपसा बेचाळीस. तिसरा दिवा लागला आणि लागलेला राहिला. माझी सही घेऊन, चहा घेऊन, काका वर गेले. जाताना ते स्प्लिटर जप्त करून घेऊन गेले.

एक गोष्ट माझ्या लक्षात आलीय. पहिल्याच पान्यात दुरुस्त झालेल्या घरी काका दुसरा चहा घेत नाहीत. हिरमुसतात. गावच्या वैद्याला नुसतं पडसं झालेला रोगी आवडत नाही, तसं. त्यांना आवडतो तो फॉल्ट येऊन-जाऊन असणारा. येतो, काका येईपर्यंत जातो, काका गेले की परत येतो. तसा फॉल्ट असला की काका त्या घरी आठवडा काढतात, मोडेमची नोंदवही वाचतात, टी-थ्री आणि टी-फोर मोजतात. टी-थ्री म्हणजे मोडेमनं अर्ज दिला आणि उत्तर आलं नाही. टी-फोर म्हणजे ज्यांनी नेमानं हजेरी घ्यायला यायचं, त्यांच्याकडून कुणी फिरकलंच नाही. ही भाषा काकांना कुणाला शिकवावी लागली नाही. ते सरकारी नोकर होते.

बऱ्याचदा फॉल्ट नसतोच, पाळी असते. रात्री नऊ वाजता नेट रांगायला लागतं आणि लोक अर्ज घेऊन तिसऱ्या मजल्यावर येतात. काका अर्ज परत करतात. त्या वेळचे आमचे मोडेम जुने, एकाच चॅनेलवर चालणारे. तो चॅनेल जेमतेम चाळीस-पन्नास एमबीपीएसचा, आणि त्यावर आमची इमारत, शेजारची, पलीकडची. सगळ्यांनी एकदम दारं धरली तर शेवटच्या वाफ्यात चिखलसुद्धा होत नाही. काकांनी गेटवरच्या फळ्यावर शेजपाळीचं वेळापत्रक लावून बघितलं, टेलकडून हेडकडे: आधी कोरडवाहू, मग भुसार, अकरानंतर ऊस. दोन दिवस टिकलं. तिसऱ्या दिवशी फळ्यावर पाण्याच्या टँकरचा हिशोब आला.

पावसाळा हा काकांचा हंगाम. केबलवर जाळीचं आवरण असतं, आणि टोक नीट बंद नसेल तर ती जाळी दिव्याच्या वातीसारखी पाणी ओढते, पार आतपर्यंत, हात-दोन हात. वर कोरडी, आत गंजलेली. जुलै लागला की काका खिडक्यांखालून फिरतात आणि केबल भोकात शिरण्याआधी खाली लोंबून वर चढतेय का ते बघतात, म्हणजे थेंब त्या वळणावरून बाहेरच गळतो. नसेल तर खालून हाका मारतात. उंदरांवर मात्र त्यांचा विश्वास नाही. केबलचा मुलगा काही झालं की "उंदरानं खाल्ली" म्हणतो. काका त्याला तुकडा आणून दाखव म्हणतात. २७ सप्टेंबर २०१८ ला आमच्या कडेचाच मुठा उजवा कालवा दांडेकर पुलापाशी फुटला, वस्तीत पाणी घुसलं, आणि उंदीर, घुशी नि खेकड्यांनी भराव पोखरला असंही सांगण्यात आलं. त्या दिवशी काका जेवले नाहीत. रात्री जिन्यात मला म्हणाले, "घूस एका दिवसात कालवा फोडत नाही रे. कुणीतरी रोज तिथून चालत जायचं असतं." यावर बोलायला माझ्याकडे काही नव्हतं.

आता दुपारच्या फॉल्टचं.

२०१९ चं ते वर्ष. गणपती उठले आणि दुपारी दोन ते चार अख्ख्या इमारतीचं नेट लंगडायला लागलं. एका घराचं नाही, सोळाही घरांचं. खाली येणारी धार छान, स्वच्छता छान, पण उपसा गुदमरलेला. व्हिडिओ चालायचा, पण आपण बोललेलं पलीकडे पोचायचं नाही. चार वाजले की आपोआप बरं. दुपारी घरी असणारे आम्ही तिघंचौघं आणि काका. काकांच्या अंगात वारं शिरलं. असा फॉल्ट त्यांनी आयुष्यभर मागितला होता.

त्यांनी रोज नोंदी ठेवल्या. त्यांचं म्हणणं, गच्चीवरचा अ‍ॅम्प्लिफायर उन्हानं तापतो. तापल्यावर केबलमधली घट वाढते हे खरंच आहे, म्हणून मीही मान डोलावली. अ‍ॅम्प्लिफायरवर पोत्याचं ओलं फडकं घालून बघितलं. दसरा झाला, दोन ते चारचं एक ते पाच झालं. काका म्हणाले, ऑक्टोबर हीट. दिवाळी तोंडावर आली तसं सकाळी अकरापासून रात्री आठपर्यंत. काकांनी तपमानाचा आलेख काढला, तो जुळेना. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी संध्याकाळी फॉल्ट गायब झाला आणि दोन आठवडे फिरकला नाही. तुळशीची लग्नं लागली आणि पुन्हा हजर. रजिस्टरमधला शेरा मी स्वतः वाचलाय: 'फॉल्ट पंचांग पाळतो.'

अखेर कंपनीनं लॅपटॉपवाला मुलगा पाठवला. तो काकांना 'आजोबा' म्हणाला, तिथेच त्यांचं बिनसलं. त्याची रीत सोपी होती. वर जाणारा रस्ता पाच मेगाहर्ट्झपासून बेचाळीस किंवा पासष्टपर्यंतचा, आणि सगळ्या घरांचे ओहोळ त्या एकाच नाल्याला मिळतात. एका घरानं घाण सोडली की सगळ्यांचा नाला घाण. म्हणून डक्टमध्ये उभं राहायचं, एकेका मजल्याची तार काढायची, आणि पलीकडे पडदा बघत बसलेल्या माणसाला फोनवर विचारायचं: "आता?" पहिला मजला. "आता?" नाही. दुसरा. नाही. आम्ही सगळे जिन्यात उभे. तिसऱ्या मजल्यावर एकेका घराची तार. पहिली काढली, नाही. दुसरी काढली.

"गेला," पलीकडून आवाज आला. फोन स्पीकरवर होता.

"आजोबा, तुमच्याकडून येतंय."

"शक्य नाही," काका म्हणाले. "माझी धार शून्य आहे. शून्य! गेली चार वर्षं."

"खाली येणारं झकास आहे हो तुमचं. वर घाण जातीय."

घरात शिरलो. पुढच्या खोलीत मोडेम, आवळलेला, पुसलेला, वर क्रोशाचा रुमाल. आतल्या खोलीत शिलाई मशीनची घरघर चालू होती. कपाटामागे एक केबल लोंबत होती, टोक उघडं, आतली तांब्याची तार बाहेर आलेली. २०१३ मध्ये पुण्यात सेट टॉप बॉक्स सक्तीचे झाले, तेव्हा दुसऱ्या टीव्हीला दुसरा बॉक्स आणि दुसरं भाडं नको म्हणून काकांनी आतला टीव्ही भंगारात दिला होता. तार राहिली. सहा वर्षं तिनं कुणाला त्रास दिला नाही. त्या वर्षी गणपतीनंतर काकूंचे गुडघे दुखायला लागले म्हणून काकांनीच पायमशीनला मोटर बसवून आणली होती. मोटरच्या ब्रशमधून ठिणग्या उडतात, त्यांचा गोंगाट नेमका त्या खालच्या मेगाहर्ट्झमध्ये पडतो, आणि हातभर अंतरावर तांब्याचं टोक तो प्यायला तयार. दसऱ्याचे ब्लाउज, दिवाळीचे ब्लाउज, तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराईचे ब्लाउज.

"काकू, जरा थांबता?" मुलगा म्हणाला.

काकू थांबल्या. "गेला," फोन म्हणाला.

"आता चालवा."

घर्रर्र. "आला!"

"थांबा." "गेला." काकूंना मजा वाटायला लागली. कुणी सांगितलं नाही तरी त्यांनी आणखी दोनदा चालवून बघितली.

काका काही बोलले नाहीत. बाहेर गेले. आम्हाला वाटलं, बिचारे गेले गच्चीवर. दोन मिनिटांनी परत आले ते रजिस्टर आणि कार्बन पेपर घेऊन. खुर्चीत बसले आणि पंचनामा लिहायला घेतला. मी पंच क्रमांक एक, कंपनीचा मुलगा पंच क्रमांक दोन. 'आम्ही खाली सह्या करणार पंच, समक्ष हजर राहून लिहून देतो की, फ्लॅट क्र. ३०२ चे शयनगृहात कपाटामागे विनाटोपीचे एक तोंड उघडे आढळून आले. सदर तोंडावाटे अनधिकृत गोंगाट मुख्य नाल्यात सोडला जात होता. सदर बाब फ्लॅटधारकास माहीत असणे आवश्यक होते, कारण फ्लॅटधारक निरीक्षक आहे.' शेवटचं वाक्य लिहून ते थांबले, पुन्हा वाचलं, आणि 'आवश्यक' खाली रेघ मारली.

दंडाच्या रकान्यात त्यांनी लिहिलं: सोळाही घरांतल्या उघड्या तोंडांना स्वखर्चाने पंचाहत्तर ओहमच्या टोप्या, आणि सर्वांना चहा.

"चहा मी करणार नाही," काकू आतून म्हणाल्या. "मोटर मी आणलेली नाही."

चहा काकांनीच केला. साखर विसरले. तोंडाला टोपीही त्यांनीच लावली. मुलगा लावायला पुढे झाला होता, त्याच्या हातातून पाना काढून घेतला. पाव आटा.

२०२१ मध्ये आमच्याकडे फायबर आलं. केसाएवढी काच भिंतीवरून आली, पांढऱ्या डबीत शिरली. तिला पाना लागत नाही, पावसाचं पाणी तिला खात नाही, मशीनच्या मोटरशी तिला घेणंदेणं नाही, कारण आत वीज नाहीच, उजेड आहे. आकड्यांचं पान नाही, असलं तरी ते आपल्याला दाखवत नाहीत. बिघाड झाला तर एक तांबडा दिवा लागतो, म्हणजे बाहेर कुठेतरी तुटलंय, वाट बघा. काका डबी बघायला आले. उभ्याउभ्याच बघितली. मांडी घालायला काही कारण नव्हतं.

"पाइपलाइन झाली," म्हणाले. "कालव्यांचंही आता तेच करतायत. जमिनीखालून बंद पाइप. गळती नाही, चोरी नाही." मग जरा वेळानं, "बघायलाही काही नाही."

काढून टाकलेला माझा जुना मोडेम त्यांनी मागून नेला. काय केलं विचारलं तर 'स्टोअरला जमा' म्हणाले.

परवा दुपारी मी कामात होतो. वरून मशीनची घरघर येत होती, लग्नसराई आहे. बेल वाजली. दारात काका, बनियनवर शर्ट, दोन पेनं.

"नेट चालू आहे ना?"

"आहे की."

"आत्ता? मशीन चालू असताना?"

"हो, काका."

त्यांनी घड्याळ बघितलं, रजिस्टर उघडलं, २.१० असं लिहिलं, आणि शेऱ्याच्या रकान्यात 'गळती नाही'. रजिस्टर माझ्यापुढे धरलं.

"अर्जदारानं सही करायची इथे."